मंत्रजप आणि ध्यान : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा भातासाठी, जुन्या मालगुजारी तलावांसाठी आणि पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. साधनेच्या इतिहासातही या जिल्ह्याला स्थान आहे, याची जाणीव मात्र थोड्यांनाच असते. नाथ, महानुभाव आणि बौद्ध या तिन्ही परंपरांच्या खुणा येथे आहेत, आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना येथील खेडोपाडी पोहोचलेली आहे. या चारही प्रवाहांत नामाचे किंवा पवित्र वचनांचे वारंवार स्मरण, हा साधनेचा एक भाग आहे.

आज शहरातील नोकरदार, विद्यार्थी आणि निवृत्त मंडळी मनःशांतीसाठी मंत्रध्यानाकडे वळताना दिसतात. मंत्र कोणता घ्यावा, गुरू हवाच का, मन लागत नसेल तर काय करावे, असे प्रश्न त्यांना पडतात. मंत्राच्या नावाखाली उपचार टाळले जाणे आणि पैसे उकळले जाणे, हेही प्रकार आपल्या समाजात आहेत. त्यामुळे साधना म्हणजे काय आणि साधना म्हणजे काय नव्हे, हे दोन्ही समजून घेणे आवश्यक ठरते.

मंत्रध्यान म्हणजे नेमके काय?

एखादे अक्षर, नाम किंवा छोटे वचन ठरावीक वेळ शांतपणे पुन्हा पुन्हा उच्चारणे अथवा मनात घोळवणे आणि चित्त तेथे टिकवण्याचा सराव करणे, म्हणजे मंत्रध्यान होय. मन भटकणारच, हे यात गृहीत धरलेले असते. गुरे बांधण्यासाठी जसा खुंटा असतो, तसा मंत्र हा मनाचा खुंटा असतो. मन दूर गेले की त्याला ओढून न आणता सावकाश खुंट्याजवळ परत आणायचे, एवढीच त्यातील मूळ क्रिया आहे. पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात प्रणवाचा म्हणजे ओंकाराचा जप आणि त्याच्या अर्थाचे चिंतन सांगितले आहे. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात सर्व यज्ञांमध्ये जपयज्ञाला श्रेष्ठ स्थान दिले आहे. जपयज्ञाला सामग्री, दक्षिणा किंवा पुरोहित यांपैकी काहीही लागत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जप, नामस्मरण, ध्यान आणि विपश्यना यांत फरक कोणता?

जप ही क्रिया आहे. विशिष्ट मंत्राची मोजून किंवा न मोजता केलेली आवृत्ती म्हणजे जप. नामस्मरण हे अधिक मोकळे असते. ते चालताना, स्वयंपाक करताना, शेतात काम करतानाही करता येते. ध्यान ही चित्ताची एकाग्र अवस्था असून जप हे तिच्याकडे नेणारे एक साधन आहे.

विपश्यनेचा मार्ग मात्र वेगळा आहे. आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेत, ज्यांचे इगतपुरी येथील केंद्र १९७६ पासून चालू आहे, मंत्राचा वापर केला जात नाही. नैसर्गिक श्वासाचे आणि नंतर शरीरावरील संवेदनांचे निरीक्षण करावयाचे असते. या दोन पद्धती एकाच बैठकीत मिसळू नयेत, असा अनुभवी शिक्षकांचा आग्रह असतो, कारण एकीत मनाला आधार दिला जातो, तर दुसरीत आधाराविना पाहण्यास शिकवले जाते.

भंडारा परिसरात या साधनेची परंपरा कोणती?

भंडारा आणि नागपूर या जिल्ह्यांच्या सीमेवर, पाच नद्यांच्या संगमावर अंभोरा हे तीर्थक्षेत्र आहे. येथे चैतन्येश्वराचे मंदिर असून नाथ परंपरेतील हरिनाथांची समाधी येथे मानली जाते. आदिनाथ, हरिनाथ, रघुनाथ आणि मुकुंदराज अशी ही गुरुपरंपरा सांगितली जाते. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मधील मानला जातो. मराठीतील आद्य ग्रंथ म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्याची रचना अंभोऱ्याच्या परिसरात झाली, असे विदर्भातील अनेक अभ्यासक मानतात. मराठवाड्यातील अंबाजोगाईचाही या मानावर दावा आहे. वाद कोणताही असो, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने ब्रह्मविद्या मराठीत आणणारा हा ग्रंथ आहे. शिष्याने शंका विचारावी आणि गुरूने तिचे निरसन करावे, ही त्याची रीत आजच्या साधकानेही ध्यानात ठेवावी.

महानुभाव पंथाच्या इतिहासात भंडारा गावाला मानाचे स्थान आहे. श्रीचक्रधरस्वामींचे आरंभीचे शिष्य नीळभट्ट हे भंडाऱ्याचे म्हणून 'भांडारेकार' या नावाने ओळखले जातात. त्यांची हकिगत म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त आली आहे. या पंथाच्या आचारधर्मात स्मरणाला मोठे महत्त्व आहे. परमेश्वराचे नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण साधकाने एकांतात करावे, अशी तेथे शिकवण आहे. म्हणजे येथे केवळ शब्दाची आवृत्ती अभिप्रेत नसून शब्दाबरोबर आठवणही जागी ठेवावयाची असते.

जिल्ह्याच्या दक्षिण भागातील पवनी हे वैनगंगेकाठचे प्राचीन नगर आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी १९६९-७० मध्ये केलेल्या उत्खननात येथील जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. पवनीजवळच रुयाड येथे अलीकडच्या काळात महासमाधीभूमी हा भव्य स्तूप उभारण्यात आला असून त्याचे नाते जपानमधील तेंदाई बौद्ध परंपरेशी आहे. तेंदाई परंपरेत बुद्धनामाचा अखंड जप करीत चालण्याची दीर्घ साधना आहे. ती नव्वद दिवसांची असते. नामाच्या आधारे चित्त स्थिर करणे ही एकाच धर्माची मिरासदारी नाही, हे यावरून स्पष्ट होते.

चौथा प्रवाह राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा. त्यांनी १९३५ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा त्यांनी घालून दिलेला क्रम श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून पाळला जातो. एका ओळीत सर्व जातींच्या माणसांनी बसावे, हा त्यामागील विचार होता. एकट्याने साधना टिकत नाही, त्यांच्यासाठी अशी सामूहिक बैठक मोठा आधार ठरते.

मंत्र कोणता निवडावा?

ज्या परंपरेत आपण वाढलो, तिच्यातील परिचित आणि छोटा मंत्र निवडणे सर्वांत सोयीचे. वारकऱ्यांचा 'रामकृष्ण हरी', रामदासी परंपरेतील तेरा अक्षरांचा राममंत्र, शैवांचे पंचाक्षर, केवळ ओंकार, ही सर्वपरिचित उदाहरणे आहेत. थायलंडमधील भिक्खूंच्या काही परंपरांत श्वासाबरोबर 'बुद्धो' हा शब्द स्मरला जातो. ख्रिस्ती परंपरेत जपमाळेवरील प्रार्थना आहे, सूफींमध्ये 'जिक्र' आहे. ईश्वरावर श्रद्धा नसणाऱ्याने 'शांती' यासारखा एखादा साधा शब्द घेतला तरी सरावाचे तंत्र बदलत नाही.

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. मंत्र सहज उच्चारता यावा, त्याच्याशी भय किंवा लोभ जोडलेला नसावा आणि तो वारंवार बदलू नये. आज एक, उद्या दुसरा असे केल्यास मनाला ओळखीची जागा मिळत नाही. विहीर खणताना दहा ठिकाणी चार-चार हात खणण्यापेक्षा एकाच ठिकाणी चाळीस हात खणावे, हा व्यवहार येथेही लागू पडतो.

अर्थ समजणे आवश्यक आहे का?

याबाबत परंपरांमध्ये मतभेद आहेत. योगसूत्रे अर्थचिंतनावर भर देतात. महर्षी महेश योगी यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर नेलेल्या भावातीत ध्यानात मंत्र हा अर्थासाठी नव्हे, तर ध्वनी म्हणून वापरला जातो. आरंभीच्या साधकाने अर्थ एकदा नीट समजून घ्यावा आणि बैठकीत मात्र त्याचे विश्लेषण करीत बसू नये, हा मध्यममार्ग व्यवहार्य आहे.

गुरू किंवा दीक्षा अनिवार्य आहे का?

नामजपासाठी नाही. वारकरी संप्रदायात नाम सर्वांना खुले आहे. गोंदवले येथील श्रीब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) संसारी माणसांना रामनामाचीच वाट दाखवली. ज्या परंपरांत दीक्षा आहे, तेथे तिचा मान राखावा. दीक्षित मंत्र गुप्त ठेवण्याची प्रथाही तेथे असते. या गुप्ततेचा उपयोग मंत्र चर्चेचा विषय होऊ नये यासाठी असतो. मंत्र कोणाला सांगितल्याने अनर्थ ओढवतो, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

मात्र मार्गदर्शकाचा उपयोग असतो, हे नाकारता येत नाही. उच्चार, बसण्याची पद्धत, अडचणी यांबाबत अनुभवी व्यक्तीला विचारल्यास पुष्कळ वेळ वाचतो. काही संस्था ठरावीक शुल्क घेऊन पद्धतशीर शिक्षण देतात, तर विपश्यना शिबिरे दानावर चालतात. शुल्क घेणे हा गुन्हा नाही, पण शुल्काची रक्कम आधी स्पष्ट सांगितलेली असावी आणि 'पुढच्या पायरीसाठी' ती वाढत जाणारी नसावी. शंका विचारली म्हणून रागावणारा मार्गदर्शक शक्यतो टाळावा.

केव्हा, कोठे आणि किती वेळ बसावे?

पहाटेची वेळ उत्तम मानली जाते, कारण तेव्हा बाहेरचा गोंगाट आणि मनातील गर्दी दोन्ही कमी असतात. मात्र रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला किंवा शाळेच्या डब्यांची घाई असणाऱ्या गृहिणीला हा नियम पाळणे शक्य नसते. अशांनी दिवसातील निवांत अशी कोणतीही एक वेळ ठरवावी. वेळेपेक्षा तिचे सातत्य महत्त्वाचे. जेवणानंतर लगेच बसू नये, झोप येण्याची शक्यता अधिक असते.

आरंभी दहा मिनिटे पुरेशी आहेत. महिनाभरात ती वीस मिनिटांपर्यंत न्यावीत. भावातीत ध्यानात सकाळ-सायंकाळ वीस-वीस मिनिटे, अशी पद्धत आहे. पहिल्याच दिवशी तासभर बसणारा साधक आठवड्याभरात कंटाळण्याचा संभव असतो.

मांडी घालून बसता येत असेल तर उत्तम. रोवणीच्या दिवसांत वाकून कंबर धरलेल्या शेतकरी महिलेने, गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी किंवा दिवसभर खुर्चीवर बसण्याची सवय असलेल्यांनी खुर्चीवर बसावे. पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ पण ताठर नाही आणि हात मांडीवर सैल, एवढे पुरेसे आहे. पद्मासन येत नाही म्हणून साधना अडत नाही.

मंत्र मोठ्याने म्हणावा की मनात?

शास्त्रांत जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. इतरांना ऐकू येईल असा तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही असा तो उपांशु आणि केवळ मनात चालतो तो मानस. मानस जप श्रेष्ठ मानलेला असला, तरी तो अवघडही आहे. मन अस्वस्थ असेल तेव्हा काही मिनिटे मोठ्याने म्हणावे, मग आवाज उतरवत उपांशु जपावर यावे आणि शेवटी मनात शांतपणे चालू ठेवावे. जिभेकडून मनाकडे जाणारी ही उतरण नवशिक्याला सुलभ जाते.

माळ आवश्यक आहे का?

माळ हे मोजण्याचे साधन आहे. तिच्यात १०८ मणी आणि एक मेरुमणी असतो. मेरू ओलांडला जात नाही, तेथून माळ उलट फिरवतात. तुळस, रुद्राक्ष, चंदन, स्फटिक असे मण्यांचे प्रकार परंपरेनुसार बदलतात. त्यांच्या किमतीचा साधनेच्या गुणवत्तेशी संबंध नाही. हाताला काम मिळाल्याने मन कमी भटकते, हा माळेचा खरा लाभ.

हिशेबच करावयाचा तर, एका मंत्राला तीन सेकंद धरल्यास एक माळ साडेपाच मिनिटांच्या आसपास होते. म्हणजे वीस मिनिटांत साधारण साडेतीन माळा. यापेक्षा खूप अधिक संख्या होत असेल, तर घाई होते आहे असे समजावे. संख्येचा संकल्प नियमितता आणण्यासाठी असतो. तो स्पर्धेचा विषय झाला की जपाचे रूपांतर पाढे म्हणण्यात होते.

मंत्राची श्वासाशी सांगड घालावी का?

सहज जमत असल्यास घालावी. श्वास सोडताना मंत्र म्हणणे बहुतेकांना सोपे जाते. श्वास रोखून धरणे किंवा जोराने घेणे हे प्राणायामाचे विषय आहेत, ते जाणकाराच्या देखरेखीशिवाय मंत्रध्यानात मिसळू नयेत.

या संदर्भात इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचे संशोधन उल्लेखनीय आहे. ते 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी २३ निरोगी प्रौढांकडून लॅटिन भाषेतील जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हूम्' हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली आणि रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनक्षमता वाढली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण लय सारखी, असा त्याचा बोध आहे.

मन भटकते, झोप येते, कंटाळा येतो. काय करावे?

मन भटकणे हे अपयश नव्हे. भटकल्याचे ज्या क्षणी लक्षात येते, तो क्षणच साधनेचा असतो. स्वतःवर न चिडता पुन्हा मंत्राकडे यावे. वीस मिनिटांत पन्नास वेळा परतावे लागले, तर पन्नास वेळा सराव झाला असे समजावे.

झोप येत असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवावेत, काही वेळ वाचिक जप करावा किंवा चालत जप करावा. रोजच झोप येत असेल, तर शरीराला विश्रांती कमी पडते आहे. अशा वेळी जप वाढवण्यापेक्षा झोप वाढवावी. कंटाळा आला तर वेळ कमी करावी, दिवस मात्र चुकवू नये. जपात प्रकाश दिसणे, नाद ऐकू येणे, अंग हलके वाटणे यांसारखे अनुभव काहींना येतात, काहींना कधीच येत नाहीत. त्यांवरून प्रगती मोजू नये.

स्त्रियांना, विशेषतः मासिक पाळीच्या काळात, बंधने आहेत का?

नामस्मरणाला काळवेळाचे किंवा विटाळाचे बंधन नाही, अशीच संतपरंपरेची भूमिका आहे. या बाबतीत श्रीचक्रधरस्वामींचा विचार तेराव्या शतकाच्या मानाने क्रांतिकारक होता. मासिक पाळी हा शरीराचा इतर स्रावांसारखाच एक स्वाभाविक स्राव आहे, त्याचा विटाळ मानू नये, अशी त्यांची शिकवण होती. त्यांच्या शिष्यपरिवारात स्त्रियांना साधनेचा समान अधिकार होता. भंडाऱ्याच्या नीळभट्टांनी ज्या गुरूचा मार्ग स्वीकारला, त्यांचा हा विचार सातशेहून अधिक वर्षांनंतरही अनेक घरांत पोहोचावयाचा आहे.

मंत्रध्यानाने आजार बरे होतात का?

या प्रश्नाचे उत्तर जबाबदारीने द्यावे लागते. ध्यानाने तणाव कमी होण्यास साहाय्य होते, असा अनेकांचा अनुभव आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये रक्तदाबावरील औषधेतर उपायांचा आढावा घेतला. त्यात भावातीत ध्यानाचा विचार पूरक उपाय म्हणून करता येईल, असे म्हटले होते. मात्र ही शिफारस सौम्य स्वरूपाची होती. 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ४७ चाचण्या आणि ३,५१५ व्यक्ती यांचा समावेश होता. त्यात सजगतेवर आधारित ध्यानामुळे चिंता, नैराश्य आणि वेदना यांत मध्यम प्रतीच्या पुराव्यानिशी सुधारणा दिसली. मंत्रध्यानाच्या बाबतीत मात्र ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. याचा अर्थ मंत्रध्यान निरुपयोगी आहे असा होत नाही. त्यावर भरीव दावे करण्याइतका आधार अद्याप नाही, एवढाच होतो.

तेव्हा रक्तदाब, मधुमेह, फेफरे, नैराश्य यांची औषधे जप सुरू केला म्हणून बंद करू नयेत. औषधाची मात्रा कमी करावयाची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. मंत्र हा उपचारांचा सोबती होऊ शकतो, पर्याय नव्हे.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

तीव्र नैराश्य, भास-भ्रम, मोठा मानसिक आघात यांचा इतिहास असणाऱ्यांनी मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ध्यान सुरू करावे आणि दीर्घ, मौनाची शिबिरे आरंभी टाळावीत. ध्यानामुळे अस्वस्थता वाढत असेल, झोप उडत असेल किंवा कानात आदेश देणारे आवाज येत असतील, तर बैठक थांबवावी. 'साधनेची परीक्षा' म्हणून ते सहन करू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्य मदतसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

फसवणूक कशी ओळखावी? कायदा काय सांगतो?

जपाला बसणाऱ्या माणसाचे आणि मंत्राचा धंदा करणाऱ्याचे मार्ग वेगळे आहेत. ठरावीक दिवसांत नोकरी, अपत्य किंवा शत्रुनाश यांची हमी देणे, घरातील एखाद्या व्यक्तीने करणी केल्याचे सांगणे, डॉक्टरांकडे जाऊ नका म्हणणे, एकांतात बोलावणे, कुटुंबीयांपासून गोष्टी लपवावयास लावणे, ही धोक्याची लक्षणे होत.

महाराष्ट्रात २०१३ साली संमत झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एक कलम भंडाऱ्यासारख्या भातउत्पादक जिल्ह्याच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपाय करणे हा गुन्हा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे, त्यांच्याकडून पैसे उकळणे हेही या कायद्याच्या कक्षेत येते. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. पावसाळ्यात बांधावर, पाण्यात आणि चिखलात काम करणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका असतो. तेथे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. विषारी सर्पाच्या दंशावर प्रतिसर्पविष हाच उपाय असून तो रुग्णालयातच मिळतो. कोणताही मंत्र विष उतरवीत नाही.

हाच कायदा भजन, कीर्तन, प्रवचन, प्रदक्षिणा, यात्रा यांसारख्या धार्मिक आचारांना स्पर्श करीत नाही. त्यामुळे 'या कायद्याने आमच्या जपावर गदा येते' हा समज निराधार आहे. मनाच्या शांतीसाठी घेतलेले नाम आणि दुसऱ्याच्या असहायतेचा घेतलेला फायदा यांतील सीमारेषा कायद्याने स्पष्ट केली आहे, इतकेच.

परिणाम किती दिवसांत जाणवतो?

निश्चित कालमर्यादा सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्याविषयी सावध राहावे. परिणाम बैठकीत शोधू नये, दिवसभराच्या वागण्यात शोधावा. राग आल्यावर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबता येते का, झोपताना मन लवकर निवते का, कामात लक्ष थोडे अधिक टिकते का, हे पाहावे. घरच्या माणसांना फरक आधी जाणवतो, साधकाला नंतर.

आरंभ कसा करावा?

पहिल्या आठवड्यात एक जागा, एक वेळ आणि एक मंत्र ठरवावा आणि दहा मिनिटे बसावे. आरंभी दोन-तीन मिनिटे वाचिक, मग तितकाच वेळ उपांशु आणि उरलेला वेळ मानस जप करावा. गजर लावलेला असावा, म्हणजे घड्याळाकडे पाहावे लागत नाही. मोबाइल शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवावा. उठण्यापूर्वी मिनिटभर मंत्रही सोडून केवळ शांत बसावे.

दुसऱ्या आठवड्यापासून आठवड्याला तीन-चार मिनिटे वाढवावीत. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट भरपाई करू नये, नेहमीइतकेच बसावे. शक्य असल्यास आठवड्यातून एकदा जवळच्या प्रार्थनामंदिरात, विहारात किंवा भजनी मंडळात इतरांसमवेत बसावे. ज्यांचे औषधोपचार चालू आहेत, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना आपण ध्यान करीत असल्याचे सांगावे. महिन्याच्या अखेरीस मंत्र बदलावासा वाटला, तर घाई न करता आणखी एक महिना तोच चालवून पाहावा.